गाढव आणि खेचर : आरोग्य, प्रजनन आणि निगा याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाढवं आणि खेचरं पाळणारे, त्यांच्यावर उपचार करणारे, किंवा नुसतीच त्यांच्याबद्दल माया असणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं संशोधनातून जे समजलं आहे त्यावर बेतलेली आहेत. आजारी जनावराला पशुवैद्यानं प्रत्यक्ष तपासायला हवं, ही गोष्ट मात्र प्रत्येक उत्तराला लागू आहे. घाईत असाल तर आधी प्रश्न १ आणि ९ वाचा.

१. गाढव म्हणजे लहान चणीचा घोडाच ना? मग त्याच्यावर वेगळं संशोधन कशाला?

नाही, आणि या एका गैरसमजापायी जितकी गाढवं दगावली असतील तितकी क्वचितच दुसऱ्या कशानं दगावली असतील. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रं असतात, गाढवाच्या पेशीत ६२. फरक तिथेच थांबत नाही. औषधं पचवण्याचा वेग, रक्तातले आकडे, खुराची ठेवण, केसांची वाढ, गाभणपणाचा काळ, भीती वाटली की काय करायचं याची उपजत रीत, हे सगळं वेगळं आहे. बराच काळ पशुवैद्यकाच्या पुस्तकांत गाढवाची माहिती घोड्याच्या प्रकरणाच्या शेवटी दोन-चार ओळींत उरकलेली असायची. इंग्लंडमध्ये १९६९ साली एलिझाबेथ स्वेंडसन यांनी 'द डॉंकी सॅंक्चुअरी' सुरू केली. तिथे आसऱ्याला आलेल्या हजारो गाढवांच्या नोंदी जमत गेल्या आणि केवळ गाढवाचा म्हणून अभ्यास करण्याला बळ मिळालं.

२. गाढव मूळचं कुठलं?

पूर्व आफ्रिकेचं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात २०७ आजच्या आणि ३१ प्राचीन गाढवांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून असं दिसलं की सुमारे ७,००० वर्षांपूर्वी गाढव एकदाच माणसाळलं आणि तिथून जगभर गेलं. त्याचा रानटी पूर्वज, आफ्रिकी रानगाढव, आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. पाळीव गाढवाच्या बऱ्याच सवयी (झुडपं ओरबाडून खाणं, पाण्याची काटकसर, ओल्याचा तिटकारा) त्या कोरड्या, खडकाळ मुलखातून आलेल्या आहेत. पुढची उत्तरं वाचताना तो मुलूख डोळ्यांसमोर ठेवा, अर्ध्याहून जास्त कोडी आपोआप सुटतील.

३. खेचर आणि हिनी यांत फरक काय?

बाप गाढव आणि आई घोडी असेल तर खेचर. बाप घोडा आणि आई गाढवी असेल तर हिनी. दोघांचीही गुणसूत्रं ६३. नुसतं बघून ओळखण्याचे ठोकताळे बरेच आहेत, पण ते फसतात. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तो तपासला की आई कोण होती हे नक्की कळतं. हिनी कमी दिसण्याचं मुख्य कारण म्हणजे घोड्यापासून गाढवी गाभण राहण्याचं प्रमाणच कमी आहे.

४. खेचराला पिल्लं होत नाहीत असं शिकलो, पण अधूनमधून बातम्या येतात. खरं काय?

दोन्ही खरं आहे. ६३ हा विषम आकडा आहे, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे घोड्याची आणि गाढवाची गुणसूत्रं रचनेनंच इतकी वेगळी आहेत की बीजपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट जमत नाहीत. काम तिथेच अडतं. नर खेचर बाप झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही.

मादीच्या बाबतीत मात्र अपवाद आहेत. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका मादी खेचराला गाढवापासून शिंगरू झालं आणि तपासणीत तीच त्या शिंगराची खरी आई ठरली. शिंगरूही खेचरच होतं, म्हणजे आईनं आपल्यातला घोड्याच्या गुणसूत्रांचा संच जवळजवळ अख्खाच्या अख्खा पुढे दिला होता. चीनमध्ये एका मादी हिनीची, तसंच २००२ मध्ये मोरोक्कोत आणि २००७ मध्ये कोलोरॅडोत मादी खेचरांची अशी प्रकरणं नोंदली गेली. म्हणून बातमी आली की ती लगेच खोटी समजू नका. डीएनए चाचणी झाली आहे का, एवढं बघा. मादी खेचरं अनाथ शिंगरांना इतक्या ओढीनं जवळ करतात की नुसतं बरोबर फिरताना पाहून लोक त्यांनाच आई समजतात.

५. खेचर वांझच असतं, तर नराला खच्ची करायची गरज काय?

गरज आहे. वांझ असला तरी त्याचे वृषण नर संप्रेरक तयार करतातच, त्यामुळे वागणूक पूर्ण नराचीच असते. वयात आल्यावर तो आवरणं अवघड जातं आणि माणसांना, इतर जनावरांना धोका होतो. लहान वयात, भूल देऊन आणि रक्तस्राव नीट थांबवून खच्चीकरण करावं (भुलीबद्दल प्रश्न १२ पाहा).

मादी खेचरही माजावर येते, जरी अनियमित असली तरी. तिचं गर्भाशय चांगलं काम करतं. दुसऱ्या मादीचा गर्भ तिच्या पोटात सोडला तर ती तो पूर्ण दिवस वाढवू शकते, आणि अशा प्रयोगांतून निरोगी शिंगरं जन्मलेली आहेत.

६. गाढवी किती महिने गाभण असते? दिवस उलटून गेले तर काळजी करायची का?

साधारण बारा महिने. पण अकरा महिन्यांपासून जवळजवळ चौदा महिन्यांपर्यंतचा काळ सामान्य मानतात. घोडीचे अकरा महिने मनात धरून बसलेले लोक म्हणूनच घाबरतात. गाढवी व्यवस्थित खात असेल आणि कास हळूहळू भरत असेल तर घाईनं कळा आणण्याची इंजेक्शनं देऊ नका. माजाचं चक्र सुमारे २३ ते २४ दिवसांचं असतं. माजावर आलेली गाढवी मान पुढे काढून तोंडाची एक खास उघडझाप करते. ही खूण घोडीपेक्षा तिच्यात कितीतरी ठळक दिसते.

नराला वेळ द्यावा लागतो. मोकळ्या कळपात नर गाढव माद्यांजवळ येतो, दूर जातो, पुन्हा येतो. तो मंद आहे म्हणून त्याला ढकलणं, मारणं यानं काम आणखी बिघडतं.

कृत्रिम रेतनाचं कोडं मोठं चमत्कारिक आहे. गाढवाचं गोठवलेलं वीर्य घोडीत बऱ्यापैकी यश देतं, पण गाढवीतच यशाचं प्रमाण कमी राहतं. रेतनानंतर तिच्या गर्भाशयात होणारी दाहाची प्रतिक्रिया आणि गोठवताना वापरलेलं ग्लिसरॉल यांवर संशय आहे. दुर्मीळ होत चाललेल्या जाती वाचवायच्या तर हे कोडं सुटायलाच हवं. फ्रान्सच्या लांब केसांच्या पोइतू जातीची १९७७ च्या मोजणीत फक्त ४४ जनावरं उरली होती.

७. गाढवाचा गर्भ घोडीच्या पोटात वाढवता येतो का? आणि खेचराचं क्लोनिंग खरंच झालं होतं?

गाढवाचा शुद्ध गर्भ घोडीत ठेवला तर बहुतेक वेळा तिसऱ्या महिन्याच्या आसपास गर्भपात होतो. निरोगी गाभणपणात गर्भाच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत रुजून वाटीसारख्या रचना करतात, आणि त्यांतून गर्भ टिकवायला मदत करणारं संप्रेरक सुटतं. गाढवाच्या गर्भाला घोडीत या रचना करता येत नाहीत. खेचराचा गर्भ अर्धा घोड्याचा असल्यानं त्याचं निभतं.

क्लोनिंग खरं आहे. ४ मे २००३ रोजी अमेरिकेत आयडाहो विद्यापीठाच्या प्रयोगात 'आयडाहो जेम' हे खेचर जन्माला आलं. अश्वकुळातलं ते जगातलं पहिलं क्लोन, घोड्याच्याही आधीचं. पेशी ठेवण्याच्या द्रावात कॅल्शियम वाढवल्यावर संशोधकांना यश येऊ लागलं होतं.

८. घोडीला खेचराचं शिंगरू झालं. जन्मताना ठणठणीत होतं, दोन दिवसांत मलूल झालं, डोळे पिवळे पडले. काय झालं?

हा तातडीचा प्रश्न आहे. गाढवाच्या तांबड्या रक्तपेशींवर एक असा घटक असतो जो कुठल्याच घोडीच्या रक्तात नसतो. बापाकडून तो शिंगराला मिळतो. आईच्या शरीराची त्याच्याशी एकदा गाठ पडली, बहुधा आधीच्या वेतात, की ती त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवते. पोटात असेपर्यंत शिंगरू सुरक्षित असतं. जन्मल्यावर चिकातून ती प्रतिपिंडं त्याच्या रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशी फुटू लागतात. एक-दोन दिवसांत थकवा, कावीळ, लालसर लघवी. खेचरांच्या गाभणपणात हा धोका सुमारे दहात एक इतका मोठा आहे.

पहिलं वेत बहुधा निभावून जातं, म्हणूनच "मागच्या वेळी तर काही झालं नव्हतं" हे वाक्य नेहमी ऐकू येतं. घोडीला आधी एकदा खेचर झालं असेल तर व्यायच्या आधीच तिचं रक्त तपासून घ्या. धोका दिसला तर शिंगराला पहिले दोन दिवस आईचं दूध पिऊ न देता दुसऱ्या सुरक्षित घोडीचा चीक द्यावा लागतो आणि आईची कास पिळून रिकामी करत राहावं लागतं. चीक नुसता बंद करून भागत नाही, कारण रोगांशी लढण्याची शिंगराची पहिली शिदोरी तीच असते.

९. गाढव दोन दिवस नीट खात नाही, पण उभं आहे, शांत आहे. वाट बघू का?

नाही. आजच डॉक्टरांना बोलवा.

गाढवानं खाणं सोडलं की शरीर साठवलेली चरबी मोकळी करू लागतं. काटकसरीच्या मुलखात तयार झालेलं हे शरीर चरबी सोडायला फार तत्पर आहे, आणि एकदा सुरू झालेला तो ओघ थांबवणं त्याला जमत नाही. रक्तात चरबी इतकी वाढते की रक्तद्रव दुधाळ दिसतो. ती यकृतात, मूत्रपिंडात साठते, अवयव निकामी होतात. या आजाराला हायपरलिपिमिया म्हणतात. तो उलटवणं फार कठीण असतं आणि मृत्यूचं प्रमाण खूप मोठं आहे.

लठ्ठ, गाभण, दूध पाजणारी आणि वयस्क गाढवं सर्वांत जास्त धोक्यात असतात. निमित्त काहीही पुरतं : दातदुखी, पोटदुखी, लांबचा प्रवास, जागा बदलणं, जोडीदाराचा मृत्यू (प्रश्न १९), किंवा मालकानं चांगल्या हेतूनं एकदम खाणं तोडून वजन उतरवायचा केलेला प्रयत्न. सुरुवातीची लक्षणं अगदी पुसट असतात. थोडं मलूल, खाणं कमी, लेंड्या लहान, कोरड्या आणि चिकट आवरणाच्या. रक्तातलं ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार) लगेच मोजायला हवं. उपचारात मूळ कारण शोधणं आणि पोटात कसंही करून ऊर्जा पोचवणं, दोन्ही बरोबरीनं चालतं. तोवर हिरवा पाला, कोवळ्या फांद्या, जे म्हणून ते आवडीनं खातं ते समोर धरा. हे वाचून एका जरी माणसानं दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता फोन उचलला, तर हे पान लिहिल्याचं सार्थक झालं.

१०. त्याला दुखतंय हे ओळखायचं कसं? ते तर काहीच दाखवत नाही.

दाखवतं, पण हळू आवाजात. पोटशूळ झालेला घोडा लोळतो, पाय आपटतो. गाढव बहुतेक वेळा नुसतं गप्प उभं राहतं. त्याच्या आजारपणाचं मुख्य लक्षणच मलूलपणा आहे. कान बाजूला पडलेले, मान खाली, कळपापासून जरा लांब, एका पायावरून दुसऱ्यावर सारखा भार. एक फसवी गोष्ट नीट लक्षात ठेवा. दुखणारं गाढव चाऱ्यात तोंड घालून उभं राहतं, ओठ हलवतं, पण गिळत काहीच नाही. म्हणून ते खाताना दिसलं यावर विसंबू नका, गव्हाण किती रिकामी झाली ते पाहा.

अलीकडे चेहरा आणि हालचाली यांवरून गाढवाच्या वेदनेला गुण देण्याच्या खास मोजपट्ट्या तयार झाल्या आहेत. घरी करण्यासारखं सर्वांत मोलाचं काम म्हणजे आपलं जनावर निरोगी असताना कसं उभं राहतं, कसं खातं, हाक मारल्यावर कान कसे करतं हे मनात कोरून ठेवणं.

११. ताप, नाडी, श्वास किती असायला हवेत?

प्रौढ गाढवात तापमान ३६.५ ते ३७.८ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला ३६ ते ५२, श्वास १२ ते २८. लहान शिंगरात हे सगळे आकडे जास्त असतात. रक्ताच्या अहवालात गाढवाच्या तांबड्या पेशी घोड्यापेक्षा कमी पण आकारानं मोठ्या दिसतात, ट्रायग्लिसराइड मुळातच थोडं जास्त असतं, मेंदूतल्या ग्रंथीच्या विकारासाठी पाहतात ते एसीटीएच हे संप्रेरकही वेगळं येतं. प्रयोगशाळेनं घोड्याचा तक्ता लावला असेल तर निरोगी गाढव आजारी ठरतं आणि आजारी गाढव निरोगी. नमुना देतानाच प्राणी गाढव आहे हे ठळक लिहायला सांगा.

१२. घोड्याचं औषध त्याच प्रमाणात देऊ का?

स्वतःच्या मनानं कधीच नाही. फिनाइलब्युटाझोन आणि फ्लुनिक्सिन ही वेदनाशामकं गाढवाच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे घोड्याच्या अंतरानं दिली तर मधल्या वेळात दुखणं परत येतं. मेलॉक्सिकॅम इतक्या झटकन निघून जातं की त्याचा फारसा उपयोग उरत नाही. कारप्रोफेन मात्र उलट, जास्त वेळ टिकतं. गुंगीच्या झायलाझिनची मात्रा खेचराला घोड्यापेक्षा सुमारे दीडपट लागते. भुलीसाठी वापरलं जाणारं ग्वायफेनेसिन गाढवाला जास्त बाधतं, श्वास मंदावतो. म्हणजे कुठे जास्त, कुठे कमी, कुठे तेच पण वारंवार. एक सरसकट नियम नाही.

शरीररचनाही पाहावी लागते. गाढवाच्या मानेच्या शिरेवर मधल्या भागात जाड स्नायू असतो, म्हणून सुई वरच्या किंवा खालच्या तिसऱ्या भागात सोपी जाते. घोड्यांवरच काम केलेल्या डॉक्टरांना हे सांगायला संकोचू नका.

१३. चारा किती आणि कुठला?

वजनाच्या सुमारे १.३ ते १.८ टक्के कोरडा चारा, आणि त्यात मुख्य वाटा गव्हाच्या किंवा जवाच्या काडाचा. निकृष्ट वाटणाऱ्या काडातून गाढव जे काढून घेतं ते घोड्याला जमत नाही. हिरवं लुसलुशीत कुरण, धान्य, गूळ, पाव यांनी ते लठ्ठ होतं. मानेवर चरबीचा कडक वळसा चढतो, आणि वजन उतरलं तरी तो लवकर जात नाही. लठ्ठपणातून खुरांचा लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांचा वेदनादायक दाह, प्रश्न १५) आणि प्रश्न ९ मधला आजार, दोन्ही दार ठोठावतात.

गाभण, दुभती, कामाची आणि दात गेलेली जनावरं या हिशेबात बसत नाहीत. त्यांना जास्त लागतं. वजन कमी करायचं तर महिन्यांचा बेत करा, दिवसांचा नाही.

१४. गाढवाला पाणी कमी लागतं असं म्हणतात. दिवसातून एकदा पुरेल?

पुरणार नाही. शरीराच्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत पाणी गमावूनही गाढव तग धरतं आणि पाणी दिसलं की काही मिनिटांत ते भरून काढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पण तग धरणं म्हणजे त्रास न होणं नव्हे. उलट त्याच्या रक्तातले आकडे बराच वेळ बदलत नाहीत, त्यामुळे तहानेची बाहेरून दिसणारी लक्षणं उशिरा येतात. तोवर आतड्यात चारा सुकून अडकतो. स्वच्छ पाणी सतत समोर हवं. घाण किंवा अनोळखी वासाचं पाणी कित्येक गाढवं तोंडसुद्धा लावत नाहीत.

१५. खुरांना नाल मारायचा का? सारखे कुजतात.

गाढवाचा खूर अरुंद, उभट आणि घोड्यापेक्षा जास्त ओलावा धरणारा असतो. कोरड्या खडकावर तो आपोआप झिजतो. ओल्या, मऊ जमिनीवर वाढतच जातो, मऊ पडतो आणि कुजतो. म्हणून पहिला उपाय कोरडी उभी राहण्याची जागा, दुसरा दर सहा ते दहा आठवड्यांनी छाटणी. नाल सगळ्यांना लागत नाही. छाटणाऱ्यानं त्याला घोड्याच्या खुराचा आकार द्यायचा हट्ट धरला तर सांध्यांवर ताण येतो. एक्स-रे पाहतानाही सावध राहा. गाढवाच्या खुरातलं हाड मुळातच वरच्या कडेपासून जास्त खाली असतं. घोड्यात हेच दिसलं तर तो लॅमिनायटिस ठरेल.

१६. गाढव पावसात का घुटमळतं? अंगावर केस तर भरपूर आहेत.

केस आहेत, पण ऊब धरणारे नाहीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समशीतोष्ण हवामानातल्या घोडे, खेचरं आणि गाढवांचे केस वर्षभर मोजले. घोड्यांचे केस थंडीत चांगलेच वाढले, गाढवांचे जवळजवळ तसेच राहिले, खेचरं मधे कुठेतरी. त्यामुळे पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारा आडोसा ही गाढवाची गरज आहे, चैन नाही.

१७. गाढवामुळे शेजारच्या घोड्यांना खोकला होतो म्हणतात. खरं का?

होऊ शकतो. फुप्फुसातल्या एका जंताचं (डिक्टिओकॉलस आर्नफील्डी) गाढव हे नैसर्गिक घर आहे. गाढव बहुतेक खोकतही नाही, पण त्याच्या शेणातून कुरणावर पडलेल्या अळ्या घोड्याच्या पोटात गेल्या की घोडा महिनोन्‌महिने खोकतो. शेण तपासून मगच जंताचं औषध द्या. सरसकट दिल्यानं जंत औषधाला दाद देईनासे होतात.

आफ्रिकन हॉर्स सिकनेस या विषाणूजन्य रोगातही असंच आहे. आजारी घोड्यांपैकी बहुतेक मरतात, खेचरांत सुमारे निम्मी, गाढवं फारशी आजारी दिसतही नाहीत. ग्लँडर्स या जिवाणूजन्य रोगात मात्र पारडं उलटं, गाढव आणि खेचर झपाट्यानं जातात. हा रोग माणसालाही होतो, तेव्हा नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्या तर हात लावण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

१८. गाढव अडून बसतं, मारल्याशिवाय हलत नाही. खेचर त्याहून हट्टी. काही उपाय?

तो हट्ट नाही. धोका वाटला की घोडा पळतो, गाढव थांबतं आणि विचार करतं. खडकाळ मुलखात आंधळेपणानं पळणं म्हणजे मरण होतं. मारलं की धोका खरा असल्याची त्याची खात्री पटते. जिथे अडलं ती वस्तू त्याला पाहू द्या, हुंगू द्या, ओळखीचं गाढव पुढे चालवा. खेचराबद्दल तर २००९ साली झालेल्या चाचण्यांत खुणा ओळखून शिकण्यात खेचरं घोडे आणि गाढव या दोघांच्याही पुढे निघाली. इतक्या हुशार जनावराला वाईट अनुभवही तितकाच पक्का लक्षात राहतो.

ओझ्याचा प्रश्न इथेच घेते, कारण अडण्याचं कारण कित्येकदा पाठीवरच असतं. सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा देता येत नाही. वय, प्रकृती, उतार, उष्णता, खोगिराची बैठक सगळं मोजावं लागतं. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१६ साली काम करणाऱ्या अश्वकुळासाठी कल्याणाचे निकष स्वीकारले, त्यांत ओझं, विश्रांती, पाणी, सावली यांचा एकत्र विचार आहे. इजिप्तमध्ये अबायडोस इथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी राजाच्या स्मारकाजवळ पुरलेल्या दहा गाढवांचे सांगाडे मिळाले. त्यांच्या मणक्यांवर ओझ्यानं झालेली झीज आजही दिसते. आपण इतका काळ या पाठीवर भार टाकत आलो आहोत.

१९. दोघं जोडीनं होती, एक गेलं. दुसऱ्याला लगेच सोबत आणू का?

आधी त्याला मेलेल्या जोडीदाराजवळ राहू द्या. ते हुंगेल, कदाचित ढोसेल, मग स्वतःहून बाजूला होईल. देह त्याच्या नजरेआड नेला तर ते दिवसेंदिवस हाका मारत, येरझाऱ्या घालत शोधत राहतं. गाढवांच्या जोड्या किती घट्ट असतात हे निरीक्षणांतून वारंवार दिसलं आहे, त्यामुळे हा केवळ हळवेपणा समजू नका.

नवी सोबत घाईनं आणू नका, पण एकटंही ठेवू नका. कळपातली इतर ओळखीची जनावरं असतील तर ती पुरतात. नवं गाढव आणलंच तर आधी कुंपणापलीकडून भेट, मग एकत्र. पुढचे तीन आठवडे रोज गव्हाण आणि लेंड्या तपासा, आणि एक वेळचं खाणं जरी तसंच राहिलं तरी प्रश्न ९ प्रमाणे लगेच रक्त तपासून घ्या.